यंत्राला लावलेली हळद

माझी मुलगी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते आणि फुकट देते. कोणीही घ्यावा, उघडून आत बघावं, बदलावा, पुढं दुसऱ्याला द्यावा. तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, मग तुला पगार कशाचा देतात? संशोधनाचा, म्हणाली. मला पटलं नाही. मी चौथी शिकलेली, पिशोरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. आमच्यात कोणी लोकर फुकट वाटल्याचं मी पाहिलेलं नाही.

फुकट घेतलेलं मात्र माझ्या चांगलं लक्षात आहे.

नवरा चिकलठाण्याला एका कारखान्यात लेथवर लागला तेव्हा आम्ही गाव सोडलं. एमआयडीसी वाढत होती. सिल्लोड, कन्नड, पैठण, सगळीकडून माणसं येत होती आणि कामगारांच्या वस्तीत कोण कुठला हे फार कोणी विचारत नसे. विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं तेव्हा मात्र विचारायला लागले. आमच्या घरातले पुरुष नामांतराच्या विरोधात तावातावानं बोलायचे. शेजारच्या खोलीतल्या बाई शाळेत शिकवायच्या आणि नामांतराच्या मोर्चात पुढं असायच्या. त्यांचा नवरा आणि माझा नवरा एकाच पाळीत कामाला, पण दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

बाई रोज संध्याकाळी माझ्या मुलीला गणित शिकवायच्या. ते त्यांनी थांबवलं नाही. संचारबंदीत दारातून जाता येत नसे, तर मागच्या भिंतीवरून पोरीला उचलून घ्यायच्या. मलाच लाज वाटली. म्हटलं, बाई, आमच्या घरात काय बोलतात ते तुमच्या कानावर येत असेल.

"येतं की. भिंत काय लई जाड हाय? पोरीला पाठवा."

पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. मी भाकरी-ठेचा द्यायचे, तो घ्यायच्या आणि तिखट फार झालं म्हणायच्या.

विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा मुलगी तिथंच शिकत होती. नव्या नावाचं प्रमाणपत्र घरी आलं. नवऱ्यानं ते स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावलं. पुढं तो गेला. मुलीनं लग्न केलं नाही, त्यावरून घरात व्हायचं ते होऊन गेलं. ती शहरातच एका संशोधन संस्थेत लागली.

तिथं लेझरचा मायक्रोस्कोप आला. त्याला अंधारी खोली. तोंडाच्या कॅन्सरच्या रोग्याच्या मांसाचा पातळ काप काचेवर घेतात, त्याला एक रंग देतात आणि वरून लेझरचा उजेड टाकतात. रोगट पेशी असल्या की रंग तिथं चमकतो. त्याचं चित्र कॉम्प्युटरवर येतं. चमकणाऱ्या पेशी ओळखून मोजायचं काम मुलीच्या प्रोग्रामचं. तिच्या साहेबांना त्यावर भरवसा नव्हता. त्यांचं म्हणणं, कंपनीचा प्रोग्राम विकत घेऊ, फुकटच्या वस्तूला जबाबदार कोण? दिवाळीआधी काय ते ठरणार होतं. कंपनीचा घेतला तर हिचा बंद. चार वर्षांचं काम होतं तिचं. जेवतानाही तेच बोलायची.

दसरा झाला आणि प्रोग्राम चुकायला लागला. निरोगी माणसाच्या कापातही रोगट पेशी दाखवायचा. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, बघा, हे असं असतं. सोबतच्यांनी तिला सल्ला दिला, जगभर पसरायच्या आत तो प्रोग्राम इंटरनेटवरून काढून टाक. मीही तेच म्हणाले. कशाला चारचौघांत हसं करून घ्यायचं?

"काढला तर काय चुकलं ते मला कोण सांगणार, आई?"

तिनं उलटंच केलं. चुकलेली चित्रं जशीच्या तशी सगळ्यांना दिसतील अशी टाकली आणि खाली लिहिलं, माझा प्रोग्राम चुकीचं मोजतोय, का ते कळत नाही, कोणी बघता का? मला ते बाजारात उभं राहून स्वतःची फजिती सांगण्यासारखं वाटलं.

पण लोकांनी बघितलं. कुठल्या कुठल्या देशातले, हिला न ओळखणारे. आपलं काम सोडून हिची चित्रं तपासत बसले. त्यातल्या एकानं लिहिलं, मॅडम, तुमचा प्रोग्राम बरोबर आहे. तिथं खरंच काहीतरी चमकतंय, पण त्या पेशी नाहीत. तुम्ही दिलेला रंग फक्त हिरव्या उजेडाच्या चित्रात दिसायला हवा. हे ठिपके पिवळ्यातही दिसतात. काचेवर दुसरं काही पडलंय का ते शोधा.

मुलीनं काचा धुतल्या, रंगाची बाटली बदलली. ठिपके होतेच. त्या संध्याकाळी मी वरणाला फोडणी घालत होते. ती ओट्यापाशी उभी होती, माझ्या हाताकडं बघत. एकदम म्हणाली, हळद दे. मी म्हटलं, घातली की. म्हणाली, वरणात नाही, पुडीत दे.

खंडेनवमीला नवऱ्याच्या कारखान्यात लेथ पुसून हळदीकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. संस्थेतही तीच रीत. त्या वर्षी मुलीनं स्वतःच्या हातानं मायक्रोस्कोपची पूजा केली होती. काच ठेवतात त्या जागेशेजारी हळदीचं बोट लावलं होतं, आणि हळद गेली होती आमच्याच डब्यातून. बोट पुसलं गेलं, पण पूड फटीत राहिली आणि प्रत्येक काचेला लागत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुडीतली चिमूटभर हळद काचेवर टाकून लेझर लावला. आपली स्वयंपाकघरातली हळद अशी चमकली, की साहेब खुर्ची ओढून बसले. पूजेला तेही हात जोडून उभे होते. यंत्र साफ केलं, मोजणी बरोबर यायला लागली. मुलीनं प्रोग्रामला आणखी एक काम जोडलं: दोन्ही चित्रांत चमकतं ते पेशी म्हणून मोजायचं नाही. त्याचं नाव तिनं हळद ठेवलं. साहेबांनी तिचाच प्रोग्राम चालू ठेवला. कंपनीचा असता तर आत काय चाललंय ते बघता आलं नसतं, असं तेच आता पाहुण्यांना सांगतात. मला त्यांचा राग नाही.

पुढच्या दसऱ्याला हळद यंत्राला न लावता खोलीच्या चौकटीला लावली. मी मुलीला म्हटलं, त्या परक्या माणसाला लिही, इकडं आलास तर घरी जेवायला ये. तिनं लिहिलं. यायला जमणार नाही, पण हळदीचं वाचून खूप हसलो, असं त्याचं उत्तर आलं. त्याला सोनं द्यायला मी काही जाऊ शकत नव्हते. मी आपट्याची पानं घेतली आणि पोरीला गणित शिकवणाऱ्या बाईंकडं गेले. त्या आता औरंगपुऱ्यात मुलाकडं राहतात, कानानं कमी ऐकतात. मी मोठ्यानं सगळं सांगितलं. यंत्र, हळद, साहेब. लोकांनी फुकट केलेली मदतही सांगितली.

त्यांनी पानं हातात धरून ठेवली.

"मोजणी बरोबर आली ना शेवटी?"

"व्हय, आली."

"मग बसा. चहा टाकते."