‘सिस्टर’ म्हटलं की
साथीच्या दिवसांत बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरात मी एकटी राहायचे. चार वर्षांच्या लेकीला घेऊन नवरा अंबरनाथला, बुवापाड्यात सासूबाईंकडे गेला होता. मी नर्स, ड्युटी उल्हासनगरच्या कोविड वॉर्डात. वेगळं राहायचं हे मीच ठरवलेलं. हट्टीपणात मी कुणाला हार जात नाही.

लेक रोज माझ्या ड्युटीच्या मधल्या वेळेत व्हिडिओ कॉलवर भेटायची. ‘आई’तली ‘ई’ ती पार छतापर्यंत न्यायची. मागे वॉर्डातल्या हाका चालू असायच्या, त्याही तिच्या कानावर पडायच्या. मी घाईघाईत "हो गं, नंतर" म्हणून फोन ठेवायचे.

वॉर्डात मला नाव नव्हतं. किट चढवलं की आम्ही सगळ्या सारख्याच, म्हणून प्रत्येक खाटेवरून एकच हाक, "सिस्टर!" खिडकीजवळ एक सिंधी आजोबा होते. "सिस्टर, थोडा बैठो ना इधर," म्हणायचे. बसायला वेळ होता कुणाला! एका दुपारी त्यांनी हाक मारली तेव्हा मी पलीकडच्या पेशंटचा ऑक्सिजन बघत होते. "आले हं, दोन मिनिटं," म्हटलं. दोनाची दहा झाली. मी पोचले तेव्हा आजोबा गेले होते.

लगेच गेले असते तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. खरंही असेल. पण त्यानंतर कुणी ‘सिस्टर’ असं नुसतं कुजबुजलं तरी माझे पाय आधी उठायचे आणि मी मागून.

पुढे वॉर्ड बंद झाला, लेक घरी आली. एका सकाळी मी ओट्याशी लसूण सोलत होते आणि ती मागे कंगवा घेऊन उभी होती. "आई, वेणी घाल ना." मला ऐकूच आलं नाही. तिने म्हणे चार-पाच हाका मारल्या. शेवटी ती ओरडली, "सिस्टर!"

मी गर्रकन वळले. "काय होतंय? दम लागतोय?"

लेक खदाखदा हसली. नवरा हसला नाही. मी फरशीवर बसकण मारून रडले. लसणाचे हात डोळ्यांना लागले होते, तेवढं निमित्त पुरलं.

मग घरात तो उपायच होऊन बसला. सासूबाई आल्या की त्याही म्हणायच्या, "अगं सिस्टर, दूध उतू चाललंय!" नवऱ्याने मला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी तणतणतच गेले. दुसऱ्यांना सुया टोचणारी बाई मी, मला काय धाड भरलीय? त्यांनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" म्हटलं, "लेकीने आई म्हटलेलं ऐकू यायला हवं." त्याची गोळी नसते. वर्षभर जात राहिले.

लेक आता चौथीत आहे. तिची ‘आई’ आखूड झालीय, कामापुरती. छतापर्यंत जाणारी ती ‘ई’ मला फार हवीशी वाटते. रोज फोनवर आयती मिळत होती तेव्हा मी ‘नंतर’ म्हणत राहिले. तो आवाज आता तिच्याकडेही नाही.

परवा दुपारी ती तापाने पडली होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आत कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. त्यातून अगदी हळू ऐकू आलं, "आई."

हातातली ओली चादर टाकून मी धावले. "काय गं? पाणी देऊ?"

"काही नको," ती म्हणाली. "येतेस का ते बघत होते."

आणि कूस बदलून झोपली. किती वर्षं बघत होती, ते मी विचारलं नाही.