धुऱ्यावरची छोटी दुर्बीण

मी जमीन मोजत नव्हतो, मी फोटो काढत होतो. हे वाक्य मी आतापर्यंत मराठी, तेलुगू आणि हिंदी अशा तीन भाषांत सांगितलं आहे, आणि तिन्ही भाषांत समोरच्याचा चेहरा सारखाच झाला.

मी आदिलाबादला सरकारी शाळेत विज्ञान शिकवतो. वीस वर्षं फळ्यावर ग्रह काढल्यावर एकदा खरं आकाश टिपावं असं वाटलं, म्हणून एक गाइड स्कोप मागवला. ही जेमतेम वीतभर लांबीची दुर्बीण. तिचं खरं काम मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर बसून तिला वाट दाखवायचं. पण मोबाइलवरच्या एका गटात जाणकारांनी सांगितलं की तिलाच कॅमेरा जोडला तर आकाशाचा मोठा तुकडा एका फोटोत मावतो, आणि सगळं सामान एका पिशवीत बसतं. मला ते लगेच पटलं. साहेब रजेवर गेला की ऑफिस कारकूनच चालवतो, आणि बरं चालवतो.

माझ्या बायकोला, शीलाला, ते पटलं नाही. खोकं उघडल्यावर तिनं आत हात घालून तळ चाचपला.

"मोठी कोठं हाय?"

"मोठी नाही. हीच."

"म्हंजे नवरदेव सोडून तुमी नुसता करवला घेऊन आले."

आमच्या गच्चीवर करवल्याचं काही जमेना. दुर्बिणीखाली ताऱ्यांच्या चालीनं फिरणारं एक छोटं यंत्र लावावं लागतं, नाहीतर फोटोत ताऱ्यांच्या शेवया होतात. ते यंत्र आधी ध्रुवताऱ्यावर रोखावं लागतं. आपल्याकडं ध्रुव फार खाली, क्षितिजापासून वीतभर वर, आणि आमच्या त्या वीतभरात शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. (टाकी थोडी सरकवता येईल का, असं मी त्यांना विचारून पाहिलं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.)

संक्रांतीच्या सुट्ट्यांत आम्ही तामसीच्या पुढं शीलाच्या माहेरी गेलो. तिथं तिचे वडील, म्हणजे मामाजी, आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काकाजी, यांची शेतं लागून आहेत. दोन शेतांच्या मध्ये एक धुरा, म्हणजे बांध, आहे. त्या धुऱ्यापायी हे दोघं भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. विहारात वंदनेला एकाच सतरंजीवर बसत, पण दोन टोकांना. अगदी महिन्यापूर्वी काकाजींच्या मुलीच्या लग्नात दोघांनी गळ्यात पडून रडून घेतलं, आणि तेव्हापासून काकाजींच्या बोअरचं पाणी मामाजींच्या हरभऱ्याला येऊ लागलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे माझ्याकडं सबबसुद्धा नाही.

पण धुरा उंच होता, कोरडा होता, तिथं पीक नव्हतं आणि उत्तरेला एकही टाकी नव्हती. दिवस बुडाल्याबरोबर मी त्याच्या बरोबर मधोमध तिपाई उभी केली, पोटावर पालथा पडलो आणि एक डोळा मिटून ध्रुव शोधू लागलो. तेवढ्यात काकाजी बोअर बंद करायला आले.

"जयभीम जवाईबुवा. काय करून राह्यले?"

मला वाटलं, सोप्या भाषेत सांगावं. "उत्तर धरून राह्यलो, काकाजी."

"काऊन?"

"उत्तर नीट धरली नाही तर सगळं वाकडं येतं."

"कोणाच्या अंगाले वाकडं येते?"

मी भिंगातून पाहिलं. "आत्ता तर तुमच्या अंगाला जाऊन राह्यलंय. पण चिंता नको. मी हळूहळू सरकवतो."

काकाजी आधी तिपाईकडं, मग आपल्या रानाकडं पाहत उभे राहिले. विज्ञानानं माणूस असा स्तब्ध होतो, हे पाहून मला शिक्षक असल्याचा अभिमान वाटला.

ध्रुव सापडेपर्यंत माझी बॅटरी संपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एवढी खटपट नको म्हणून तिपाईच्या तीन पायांखाली मी तीन दगड दाबून बसवले, आणि अंधारात दिसावेत म्हणून मामाजींच्या डबीतला चुना त्यांना फासला.

ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. धुऱ्यावर चुना लावलेला दगड दिसणं म्हणजे आपल्या अंगणात दुसऱ्याची खाट दिसण्यासारखं आहे.

सकाळी हरभऱ्याला पाणी आलं नाही. काकाजी मात्र आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात.

"दादा," ते मामाजींना म्हणाले, "पोरीच्या लग्नात माझ्या गळ्यात पडून रडला तू. आन् आता जवायाले लावून चोरून मोजणी करतं?"

मी पुढं झालो. "काकाजी, मी जमीन मोजत नव्हतो, मी फोटो काढत होतो."

"फोटो काढाले चुना लागते?"



मामाजी आता सगळं सावरून घेतील म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं. ते ताठ उभे राहिले. "माह्या जवाई मास्तर हाय," ते म्हणाले. "त्यानं मोजलं असंन तं बराबरच मोजलं असंन."

काकाजी गेल्यावर मामाजींनी मला गोठ्यामागं नेलं आणि खांद्यावर हात ठेवला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

"आता सांगा. आपली कितीक निघाली?"

हे प्रकरण विज्ञानानंच मिटवावं असं मी ठरवलं. त्या संध्याकाळी सगळ्यांना धुऱ्यावर बोलावलं. अर्धं गाव आलं. यंत्र नीट लागलं, मृगनक्षत्र वर आलं, आणि तासाभरात लॅपटॉपवर माझा पहिला फोटो उभा राहिला: काळ्या आकाशात शेकडो तारे, त्यांच्यात एका ओळीत तीन ठळक तारे, आणि खाली तांबूस धुकं. माझा ऊर भरून आला. हा फोटो त्या वीतभर दुर्बिणीनं काढला होता.

काकाजी चष्मा पुसून वाकले. "हा कोणत्या मौजाचा नकाशा?"

"नकाशा नाही. आकाश आहे."

"वरून काढलेला हाय म्हणा की."

"वरून नाही, खालून काढलाय."

त्यांनी बोट ठेवलं. "मंग हे तीन दगड?"

"ते तारे आहेत, काकाजी."

"तारे असे लाइनीत कोठं असते? हे तं कोणीतरी बसवलेले हायेत."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं की खालचं तांबूस म्हणजे मामाजींच्या बाजूची लाल माती. मामाजींनी ते ऐकून समाधानानं मान हलवली. शीलानं मात्र माझा दंड धरला आणि ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी आता काईच समजावू नका. तुमी समजावता तसतसे माह्या बापाचे दुश्मन वाढून राह्यले."

पुढच्या आठवड्यात दोन्ही भावांनी मंडल ऑफिसात मोजणीची दरखास्त दिली. एकानं रागानं, दुसऱ्यानं भरवशानं. सर्वेयर आला तो फक्त तेलुगू बोलणारा. मी त्याला सगळी हकिगत तेलुगूतून सांगितली. त्यानं माझी दुर्बीण हातात घेऊन उलटसुलट केली आणि अदबीनं विचारलं, "पेद्ददि एक्कड, सार?" म्हणजे मोठी कुठं आहे.

मग त्यानं आपली मोजणीची मोठी लावली. दुपारपर्यंत निकाल लागला. धुरा वर्षानुवर्षं थोडाथोडा सरकत काकाजींच्या रानात शिरला होता. मामाजींच्या नांगराचे तीन तास (तास म्हणजे नांगराची एक ओळ) काकाजींचे निघाले. सात वर्षं काकाजी फक्त एकच मागत होते.

 मामाजी आपल्या गेलेल्या तीन तासांकडं पाहत राहिले, मग माझ्याकडं. आता काकाजी काय करतात याची मला भीती वाटत होती. ते उठले, बोअरकडं गेले आणि मामाजींच्या हरभऱ्याला पाणी सोडून आले.

"एक तास माह्या," ते म्हणाले. "दोन तू पेरलेले हायेत, तुह्याकडंच राहू दे. पण कागदावर माह्ये."

मामाजींनी मान डोलावली. दोघं भाऊ चहाला एकत्र गेले. मला कोणी बोलावलं नाही. त्या दिवसापासून मामाजी माझ्याशी शीलामार्फत बोलतात. मी समोर जेवायला बसलेला असतो आणि ते तिला म्हणतात, "त्यायले विचार, भाजी पाह्यजे का."

काकाजींनी मात्र तो फोटो मागून घेतला, काचेत मढवला आणि बैठकीत लावला. आल्यागेल्याला ते तीन तारे दाखवतात आणि सांगतात, माझी जमीन यातच निघाली. मी ही गोष्ट दुरुस्त करायला एकदा गेलो होतो. त्यांनी मला पुरणपोळी वाढली, आणि मी ती खाऊन परत आलो. माझ्या फोटोचा आजवर तेवढा एकच चाहता आहे.

त्यामुळं बोलबाला झाला. मागच्या महिन्यात नार्नूरकडच्या एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला.

"गुर्जी, तुमची ती बारकी मशीन घेऊन याना आमच्या वावरात. मोजू नका. नुसते धुऱ्यावर पालथे पडा, माह्या भाऊ आपोआप सरळ होते."

मी त्यांना नम्रपणे सांगितलं की मी फक्त ताऱ्यांचे फोटो काढतो, आणि तेही अमावस्येच्या आसपासच, कारण त्या वेळी उजेड नसतो.

 मग त्यांनी आवाज एकदम बारीक केला.

"बराबर हाय, गुर्जी. हे काम अंधारातच करा लागते."