कुकरला घाबरणारा शार्क

मासा घेताना मी दुकानदाराला सगळं विचारलं. खातो काय, पाणी कधी बदलायचं, काळा चांगला की पांढरा. किती मोठा होतो, एवढं मात्र राहिलं. करंगळीएवढ्या जिवाबद्दल असला प्रश्न सुचतो कुणाला? दुकानात त्याला शार्क म्हणत. विरारच्या आमच्या फ्लॅटमध्ये शार्क येणार, या आनंदात मी पिशवी छातीशी धरून घरी आलो.

"टाकी लहान असली की मासा लहानच राहतो," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ठासून सांगायचो. हे शास्त्र मी कुठून उचललं कोण जाणे. माशाला ते ठाऊक नव्हतं. बघता बघता तो माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत झाला. वळताना शेपूट काचेला घासायची. त्यात स्वभाव भित्रा. कुकरची शिट्टी झाली की उसळायचा आणि काचेवर नाक आपटायचा. नाकावर जखम झाली तेव्हा मी शिट्टीच्या आधीच धावत जाऊन टाकीवर चादर टाकू लागलो. डाळ शिजेपर्यंत मला चैन नसे. पाहुणे म्हणायचे, "अहो, हा तर हॉटेलातला बासा! कापताय कधी?"

दुकानदार परत घेईना. "एवढा कोण नेतो, साहेब? सोडून द्या कुठल्यातरी तलावात."

तलाव म्हटल्यावर मला सांडोर आठवलं. तिथे बायकोचं माहेर, केळीची वाडी, आणि वाडीला पाणी देणारं जुनं तळं, म्हणजे बावखल. जावयाला नाही म्हणायचं नाही, ही त्या घरची रीत. सासरे फोनवर म्हणाले, "विचारता काय, जावईबापू! बावखल तुमचंच."

झाकणाच्या पिंपात मासा घालून टेम्पो केला. वाटभर आतून धडका ऐकू येत होत्या. प्रत्येक धडकेला मी ड्रायव्हरला "हळू" म्हणत होतो आणि बायको मला "गप्प बसा" म्हणत होती.

बावखलाच्या काठावर मी पिंप कलतं केलं. सासरे खुशीत होते. "इथे नाय अडकायचा तो. पावसात पानी चढलं की सगळी बावखलं एक होतात. गावभर हिंडेल!"

माझा हात थांबला. खाली पाण्यात मरळीची पिल्लं एका जागी खदखदत होती, आई त्यांच्याखाली राखण करत होती. माझा दांडगा तोंडात मावेल ते गिळणारा. गावभर हिंडला तर त्याला पुन्हा धरणार कोण?

"नको," मी म्हणालो आणि पिंप सरळ केलं.

"आता काय झालं?" बायको म्हणाली.

सासऱ्यांना वाटलं, जावई रुसला. "शेजाऱ्यांचं बावखल दाखवू का? मोठं आहे."

त्यांची समजूत काढता काढता मला पंपाशेजारचा जुना हौद दिसला. खोलीएवढा, नारळाच्या सोडणांनी भरलेला. तो मागितला. "घ्या की!" दुसरं काय म्हणणार बिचारे? मासा त्याच पिंपातून, त्याच धडका देत, परत चादरीखाली आला.

पुढचे कितीतरी रविवार मी सोडणं उपसली. गवंडी लावून गिलावा केला, पाणी फिरवायला मोटर बसवली, वर जाळी ताणली. सासरे मदतीला आले की मी त्यांना खुर्चीवर बसवायचो. मासा माझा, घाण माझी. शेवटी त्याला हौदात सोडलं. आधी तो कोपऱ्यात थिजला. मग निघाला, आणि कुठेही न आपटता वळला. मी जाळीला नाक लावून बघत राहिलो.

तरी जिवाला स्वस्थता नाही. हा हौदही त्याला एक दिवस पुरणार नाही, तेव्हा कामण गावाकडे कुणाचं मोठं बंदिस्त टाकं मिळतं का, याची आतापासून चौकशी चालू आहे. आणि परवा पाऊस धरून बसला. मी ऑफिसातून सासऱ्यांना फोन लावला, पाणी हौदाच्या काठाला लागलं का? जेवणाच्या सुट्टीत पुन्हा, जाळी नीट आहे ना? घरी येऊन चपला काढायच्या आधी पुन्हा. ते दर वेळी छत्री घेऊन बघून येत आणि सांगत, "बरा आहे, जावईबापू."

फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा तुम्ही एवढे फोन केले नव्हते."