मिठाच्या पाण्यातला सूर्य

१२ एप्रिल. कैऱ्यांना मीठ लावायला बसले आणि चिनी मातीची मोठी बरणी पुढे ओढताच दिवेवाले भाऊजी आठवले.

मिठावर त्यांच्याइतका विश्वास मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीत राहत आणि शेवटपर्यंत एकाच नाटकमंडळीचे दिवे लावत. रंगमंचावर सूर्य उगवायचा तो या बरणीतून. तळाशी शिशाची एक पट्टी, दुसरी वर दोरीला, मध्ये मिठाचं पाणी. दोरी सोडली की दिव्याचा उजेड चढे, ओढली की उतरे. मीठ वडाळ्याच्या मिठागरातलंच हवं आणि पाणी कालवलं की चव घेतलीच पाहिजे. आमच्याकडे जेवताना आमटीचा भुरका मारून म्हणत, "वहिनी, हिच्यावर पहाटसुद्धा व्हायची नाही." का, असं विचारलं की जेवण राहिलं बाजूला. "मीठ विरघळलं की त्याचे कण सुटे होतात. काही अधिक विजेचे, काही उण्या. त्यांची पाण्यात ये-जा चालते म्हणून वीज पलीकडे जाते. नुसतं पाणी बसून राहतं, सरकारी कारकुनासारखं!" आमचे हे सरकारी कारकून. ते भात कालवत राहत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला मदत म्हणून लालबागच्या एका चाळीत खेळ होता. आदल्या खेळात दिवा अडला होता, म्हणून मॅनेजरने भाऊजींना बजावलं होतं, "आज गडबड झाली तर पुढे दुसरा माणूस." त्याच मंडळीचा कपडेपट मी सांभाळत होते. भाऊजी दिव्यासाठी नेत त्या माझ्या लोणच्याच्या बरणीत गढूळ पाणी दिसलं. ओतलं, बरणी घासली, मीठ ते ऐन वेळी घालतीलच म्हणून नुसतं नळाचं पाणी भरून ठेवलं आणि कामात सांगायचं राहून गेलं.

पडदा उघडला. पट्टी तळाला टेकत आली तरी दिव्याची तार नुसती लाल. शिट्ट्या सुरू झाल्या. भाऊजींनी खटका बंद करून पाण्यात बोट बुडवून चाटलं. "अळणी!"

हरताळामुळे दुकानं बंद. मी चाळीत दारोदार मीठ मागत सुटले. "दिव्याक मीठ? दिवो काय आमटी आसा?" एक मालवणी आजी म्हणाली, पण पहिली मूठ तिचीच. मागोमाग वाट्या आल्या. भाऊजींनी ढवळलं, चाखलं, खटका लावला, आणि सूर्य उगवला.

मॅनेजर तणतणत आला. भाऊजी म्हणाले, "चूक माझी. मीठ घालायला विसरलो." मी पातळांच्या घड्या घालत राहिले. घरी येताना बरणी त्यांनीच उचलली. वाटेत एवढंच बोलले, "वहिनी, बरणी छान घासलीत हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही न घेता मी लालबागला मॅनेजरची खोली गाठली. तो दात घासत होता. त्याची चूळ भरून होईपर्यंत थांबले आणि म्हटलं, "पाणी मी ओतलं. दुसरं माणूस शोधायचंच असेल, तर कपडेपटाला शोधा."