मोरांबिया नावाचा देश

दोंडाईच्याच्या रेल्वे स्टेशनावर, फलाटाच्या पार टोकाला, कडुनिंबाखाली सिमेंटचं एक बाक आहे. संध्याकाळी पाचनंतर आम्ही चौघं तिथे बसून जगाचा कारभार बघायचो. मिरचीचा एक व्यापारी, एसटीचे निवृत्त कंट्रोलर, सर आणि मी. माझं बाजारात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्या वेळी तिथे बायको बसायची, म्हणून मी मोकळा.

कोणत्या देशावर बॉम्ब टाकावा, कुणाचं तेल तोडावं, कोणत्या लोकांना एकाच्या वर मूल होऊ देऊ नये, हे सगळं आम्ही भजी खाता खाता ठरवायचो. कुठे भूकंपात किंवा लढाईत हजार माणसं मेल्याची बातमी असली की व्यापारी तोंड पुसत म्हणायचा, "एवढ्याने काय होतं? गर्दी किती झालीय जगात." कंट्रोलर म्हणायचे, "खरंय." मीही म्हणायचो. आमच्यापैकी कुणी मुंबईच्या पलीकडे गेलेलं नव्हतं.

सर तेवढे बोलायचे नाहीत. गावातल्या हायस्कुलात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. व्यापारी आणि मी त्यांचेच विद्यार्थी, एकाच वर्गातले. सर मांडीवर पेपर ठेवून ऐकत बसत आणि मध्येच एक शब्द टाकत. "चुकलं." मग बरोबर काय ते सांगत. युक्रेनला समुद्र आहे, इस्रायल आफ्रिकेत नाही, ब्राझीलमध्ये स्पॅनिश बोलत नाहीत. त्यांचं बरोबरच असायचं, आणि त्यामुळे पुढे बोलायची मजा जायची.

वर्गात ते गरीब मास्तर नव्हते. ज्याला नकाशात जागा दाखवता आली नाही, त्याला तास संपेपर्यंत नकाशाला नाक लावून उभं करत. मी दोनदा उभा राहिलोय, त्या मेणकापडाचा वास मला अजून आठवतो. व्यापाऱ्याची तर जवळजवळ सगळी नववी तशी गेली. पोरी मागून हसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात व्यापाऱ्याच्या मुलीला पाहायला जळगावचे पाहुणे आले होते. त्यांना गाडीला बसवायला तो स्टेशनावर आला, गाडी उशिरा होती, म्हणून त्यांना घेऊन आमच्या बाकावर बसला. होणाऱ्या व्याह्यांसमोर तो रंगात आला. इराणने पनामा बंद केला की आपल्याकडे पेट्रोलचे कसे वांधे होतील, ते समजावून सांगू लागला.

"चुकलं," सर म्हणाले. "पनामा तिकडे अमेरिकेत. तुला होर्मुझ म्हणायचंय. कुठे आहे होर्मुझ, सांग बरं?"

व्यापारी रुळांकडे बघायला लागला. सर व्याह्यांकडे वळून म्हणाले, "नववीतही याला काही येत नव्हतं."

व्याही मोकळेपणाने हसले. आम्हीही हसलो. सोयरीक पुढे जमली, लग्नाची तारीखही निघाली, पण दुसऱ्या दिवशी व्यापारी सकाळीच माझ्या दुकानात येऊन बसला.

"या म्हाताऱ्याला एकदा नकाशासमोर उभा करायचा," तो म्हणाला. "तू साथ देशील का?"

मी लगेच हो म्हणालो. मला कुणी भाग पाडलं नव्हतं.

नाव त्यानेच काढलं. सकाळी पोळीसोबत मोरांबा खाल्ला होता म्हणे. झांबिया आहे, गांबिया आहे, तसा मोरांबिया. कंट्रोलरांना सांगितलं, तेही तयार झाले. त्याच संध्याकाळी सुरुवात केली.

"मोरांबियात पुन्हा लष्कर घुसलं," व्यापारी म्हणाला.

"घुसणारच," कंट्रोलर म्हणाले. "तांबं आहे ना तिथे. चीनचा डोळा आहे त्याच्यावर."

"आपली पण पोरं अडकलीत तिकडे," मी म्हणालो.

सरांनी पेपर खाली घेतला. "कुठे?"

"मोरांबियात, सर."

"झांबिया म्हणायचंय तुला."

"झांबिया नाही, त्याच्या वरचा," व्यापारी म्हणाला. "चार वर्षं झाली वेगळा होऊन. तुम्हीच नाही का मागे सांगितलं आम्हाला? इथेच बसून."

हे शेवटचं आमच्यात ठरलेलं नव्हतं. सरांनी एकेकाकडे पाहिलं. कंट्रोलरांनी मान हलवली, मग मीही हलवली. गाडी येऊन गेली तरी सरांनी पेपरचं पान उलटलं नव्हतं.

सरांचे थोरले भाऊ शिंदखेड्याला होते. शेवटची पाच-सहा वर्षं ते सगळं विसरले होते, सरांनाही ओळखत नव्हते. सर दर रविवारी जाऊन त्यांना आंघोळ घालायचे. हे आम्हाला माहीत होतं. व्यापाऱ्याला तर चांगलंच माहीत होतं.

चार दिवसांनी सर दुकानात आले. पिशवीतून जुना नकाशासंग्रह काढला आणि काउंटरवर आफ्रिकेचं पान उघडून ठेवलं. त्यांच्याकडे बटणांचा फोन, इंटरनेटचं काही जमत नव्हतं.

"हा जुना आहे माझा," ते म्हणाले. "कॉम्प्युटरवर जरा बघून दे. तो मोरांबिया."

त्या वेळी दुकानात आम्ही दोघंच होतो. तिथे सगळं संपवता आलं असतं. पण मी दोन दिवस बसून तयारी केली होती. आफ्रिकेचा नकाशा घेऊन झांबियाच्या वरच्या बाजूचा एक तुकडा वेगळ्या रंगात काढला होता, बाजूच्या देशांच्या नावांसारखीच अक्षरं जुळवली होती, राजधानी म्हणून लुकाम्बो घातली होती. एक बातमीही टाइप केली होती, पेपरात असते तशी तीन रकान्यांत. काम इतकं सफाईदार झालं होतं की ते कुणाला तरी दाखवायचंच होतं.

मी स्क्रीनवर नकाशा उघडला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "मी सांगितलं होतं तुम्हाला याबद्दल?"

"हो सर. मागच्या दिवाळीच्या सुमाराला."

"काय सांगितलं होतं?"

"तांब्याच्या खाणींचं सांगितलं होतं."

त्यांनी नकाशाची आणि बातमीची प्रिंट मागितली. मी रंगीत काढून दिली. त्यांनी ती नकाशासंग्रहात ठेवली आणि पिशवी छातीशी धरून निघाले. मी फोन करून व्यापाऱ्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

त्यानंतर सरांचं "चुकलं" बंद झालं. आम्ही मुद्दाम चुकायला लागलो. नाईल नदी दक्षिण अमेरिकेत नेली. जपान चीनला जोडला. दर वेळी व्यापारी विचारायचा, "बरोबर ना, सर?" सर आधी थांबायचे, ओठ हलवायचे, मग म्हणायचे, "असेल." कंट्रोलरांनी एक दिवस तर धुळे समुद्रसपाटीच्या खाली आहे म्हणून सांगितलं. सर त्यावरही "असेल" म्हणाले. आम्हाला इतकी करमणूक वर्षानुवर्षं झाली नव्हती. मी कधी नव्हे ते पाचच्या आधीच स्टेशनावर पोचायला लागलो.

महिन्याभराने सर एका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले. बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, "मोरांबियाचं तुमचं परवा अर्धवट राहिलं होतं."

आणि त्यांनी तास घेतला. पाठ ताठ, उजव्या हाताचं बोट हवेत, जणू समोर नकाशा टांगलेला आहे. अक्षांश सांगितले. त्या अक्षांशांवर पाऊस कधी पडणार, जमीन कशी असणार, मका का पिकतो, तांबं बाहेर न्यायला बंदर नाही म्हणून शेजाऱ्यांचं ऐकावं कसं लागतं, सगळं सांगितलं. एक नदीही सांगितली, मोरा नावाची, जी माझ्या नकाशात नव्हती. इतकं सुंदर ते शाळेतही शिकवत नसत.

"हे तुम्ही आम्हाला शाळेत शिकवलं होतं का, सर?" व्यापाऱ्याने विचारलं.

"शिकवलं होतं तर," सर म्हणाले. "दहावीला."

चार वर्षांपूर्वी झालेला देश त्यांनी आम्हाला चाळीस वर्षांपूर्वी शिकवला होता. व्यापाऱ्याने माझ्या पायावर पाय दाबला. मी खाली मान घालून हसू दाबलं आणि राजधानी विचारली. "लुकाम्बो," सर पटकन म्हणाले आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिले. व्यापारी म्हणाला, "शाब्बास." सर बसले. कपाळावर घाम आला होता, पण चेहरा खुलला होता. ते गेल्यावर व्यापारी बाकावर आडवा होऊन हसला. कंट्रोलर हसले नाहीत. "पुरे करा आता," ते म्हणाले. पण सरांना जाऊन सांगायला तेही गेले नाहीत.

दोन-तीन आठवड्यांनी सरांची बायको दुकानात आली. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या हातात दवाखान्याची फाइल होती.

"याना दोन-दोन कॉप्या कर, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोऱ्या बलावस. पुणाले जानं शे."

मुलगा पुण्याला नोकरीला होता. त्याने वडिलांना तिकडच्या डॉक्टरला दाखवायचं ठरवलं होतं. मी एकेक कागद मशीनवर ठेवत गेलो. धुळ्याच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला होता, गोळ्या लिहून दिल्या होत्या. एका पानावर तपासणीचं इंग्रजीत लिहिलेलं होतं. जगात सध्या काय चाललंय, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. पेशंट अस्तित्वात नसलेल्या एका देशाची सविस्तर माहिती देतो, असं पुढे लिहिलं होतं. देशाचं नावही होतं. तो देश खरा आहे अशी पेशंटची पक्की खात्री आहे आणि आपण तो अनेक वर्षं शिकवला असं तो सांगतो, असंही होतं.

त्या पानाच्याही मी दोन कॉप्या काढल्या, नीट पिना मारल्या आणि फाइल अक्कांना परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सर ओट्यावर बसले होते, अक्का आत बॅगा भरत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं की मोरांबिया असा देश नाही. नकाशा मी केला, बातमी मी टाइप केली, तुम्ही आम्हाला कधीच काही सांगितलं नव्हतं, ते आम्ही रचलं. तुम्हाला काही झालेलं नाही.

सरांनी शांतपणे ऐकलं. मग माझा हात हातात घेतला.

"मनासाठे खोटं नको बोलू, भाऊ," ते म्हणाले. शाळेत ते चुकूनही अहिराणी बोलत नसत.

"खोटं नाही, सर. कॉम्प्युटरमध्ये अजून आहे ते. दाखवतो चला."

"मी डोळ्यांनी पाहिलाय तो देश नकाशात," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो नाही, तू म्हणतोस नाही. तुमचं बरोबर असेल. मला आता कळत नाही. पण मला बरं वाटावं म्हणून तू स्वतःवर घेऊ नकोस. चांगला मुलगा आहेस तू."

अक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचा माझ्या बोलण्यावर पूर्ण विश्वास बसला होता, हे मला दिसलं.

"तू निंघ आते," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आनि या घरमा परत येऊ नको."

ते दोघं त्याच आठवड्यात पुण्याला गेले. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या, वाढवल्या असं ऐकलं. मुलाला अक्कांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असतं तर त्याने मला फोन केला असता. सरांना आधीपासूनच काही होतं, की ते आमच्यामुळे झालं, हेही मला कधी कळलं नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या घराला भाडेकरूच्या नावाची पाटी लागली.

व्यापाऱ्याला मी सगळं सांगितलं, फाइलमधलं पानसुद्धा. त्याने ऐकून घेतलं, भज्याचा कागद चुरगळून रुळांवर टाकला.

"जगात केवढं काय काय चाललंय," तो म्हणाला, "आणि तू एका मास्तराचं धरून बसलास."

मग त्याने फोनवर आलेली एक बातमी वाचून दाखवली. कुठे तरी एका दवाखान्यावर बॉम्ब पडला होता. कंट्रोलर म्हणाले, त्यांनी आधीच शरण यायला हवं होतं. व्यापाऱ्याने मला विचारलं, तुला काय वाटतं. मी थोडा विचार केला आणि माझं मत सांगितलं. आता "चुकलं" म्हणणारं कुणी नव्हतं.