सांभाळायला कोणी नाही

स्नेहलताला खोटं बोलायची सवय नव्हती, लाज झाकायची मात्र होती. २००६ साली हॅम्बर्गच्या जॉबसेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीत, तिथल्या अधिकारी फ्राउ पेटरसन यांनी साधा प्रश्न विचारला, "तुम्ही कामावर असताना मुलीला कोण बघेल?" तर ही म्हणाली, "होईल काहीतरी व्यवस्था." नवरा दीड वर्षापूर्वी दुसरीकडे बिऱ्हाड थाटून मोकळा झालेला, चार वर्षांची अन्वी पदरात, घर सरकारी भत्त्यावर चाललेलं. पण आपल्या मागेपुढे कोणी नाही, हे परक्या बाईला सांगायचं? छे! आपल्यात सांगत नाहीत.

बाईंनी तिचं उत्तर जसंच्या तसं नोंदवलं. आठवड्याने पत्र आलं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काम, पहाटे साडेपाचला हजर. नकार दिला तर भत्त्यात कपात. आणि अन्वीची किटा, म्हणजे तिथली बालवाडी, उघडायची सातला!

तीन दिवस तिने डोकं शिणवलं. शेवटी अन्वीला झोपेतच ठेवून, बाहेरून कुलूप लावून जायचं आणि सातला सुट्टी मागून धावत यायचं, असलं काहीतरी ठरवलं आणि ते कुंदाताईंना सांगितलं. कुंदाताई ओळखीच्या, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, तीस वर्षं इथे इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या.

"डोकं ठिकाणावर आहे ना? ती उठली, रडली, खिडकी उघडली, मग?"

"मग काय करू, ताई? व्यवस्था होईल म्हणून मीच सांगून बसलेय."

"नाही झाली म्हणून सांग."

"अहो, आता शब्द फिरवायचा? काय म्हणतील त्या?"

"त्या तुझ्या सासूबाई आहेत का? किटाकडून वेळेचं पत्र आण. मी येते बरोबर, पण बोलायचं तू."

सोमवारी दोघी गेल्या. कुंदाताई ओठ घट्ट मिटून बसल्या. त्यांना ते किती जड गेलं असेल, देव जाणे.

"किटा सातला उघडते," स्नेहलता पत्र पुढे करत म्हणाली. पुढचं तिने एका दमात सांगून टाकलं. "त्याआधी मुलीला सांभाळायला माझ्याकडे कोणी नाही. कोणीच नाही."

आता बाई कीव करणार, म्हणून तिने मान खाली घातली. फ्राउ पेटरसन पत्र वाचत होत्या.

"अहो, हे आधीच का नाही सांगितलंत? मग ही पहाटेची पाळी तुम्हाला लागूच होत नाही." त्यांनी नोंद बदलली, दोन फोन केले. एका शाळेच्या स्वयंपाकघरात जागा होती, साडेआठ ते दीड.

बाहेर येताच कुंदाताईंचं तोंड सुटलं. "काय गं, मेलीस का लाजेने?"

"नाही हो!" स्नेहलता रस्त्यातच हसत सुटली. किती महिन्यांनी, कोण जाणे.

कामाच्या पहिल्या सकाळी अन्वी दारात बसून बुटांशी झटत होती. आईने हात पुढे केला, तर "आलाइन!" म्हणून ओरडली. तिला एकटीलाच घालायचे होते. घाल बाई, म्हणत स्नेहलता तिच्या शेजारी फरशीवर बसली. निघायला अजून वीस मिनिटं होती.