हडळीच्या तोंडी माझी आई

लॉजच्या थंडगार खोलीत पुण्याच्या कंपनीच्या क्षितिजसरांनी मोबाईल टेबलावर उभा केला, त्यांचा खेळ लावला आणि आवाज वाढवला. पडद्यावर एक वीर, हातात तलवार. गुहेतून झिंज्या सोडलेली हडळ आली. त्यानं तिला उभी कापली. कोसळताना ती हडळ माझ्या आईच्या आवाजात बोलली.

"उपाशी जाऊं नको बाळ. एथें बैस. दोन घांस जेव."

"ऐकलंत?" क्षितिजसर कंपनीच्या वकीलबाईंना म्हणाले. "मरतानासुद्धा किती गोड बोलते!"

वकीलबाई हसल्या. आई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा. पुण्याची माणसं येणार म्हणून तिनं सकाळी उठून अंबट भाजी केली होती. डबा अजून कुणी हातात घेतला नव्हता.

आईनं मला हळूच विचारलं, "ती मीच काय गं?"

मी खाली मान घालून बसले. त्या माणसांसमोर मला माझ्या आईची लाज वाटली. आज आठवलं तरी अंगाची आग होते.

हे मी तुमच्या मराठीत लिहिते आहे. ती मी शिकले, पुण्याच्या कंपनीशी फोनवर बोलून बोलून. आमची मराठी वेगळी. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात चाकरीला आले आणि इकडचेच झाले. कुंभकोणमला आमची काही घरं आहेत. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, हा आमचा रिवाज. भाजीवाल्याशी तमिळ, बसमध्ये तमिळ, देवळात तमिळ. रस्त्यावर आईला हाक मारायची तरी तमिळमध्ये. त्यामुळे आमची भाषा कुणी कधी हिसकावून घेईल हे आमच्या डोक्यातही आलं नाही. घरात ठेवलेली वस्तू कोण नेणार?

मी भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत आवाज देण्याचं काम करायचे. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, तिरुनागेश्वरमच्या देवळातल्या भाविकांसाठी सूचना, सगळं तमिळ. खाली पितळ ठोकायला लागले की रेकॉर्डिंग थांबवायचं. रिकाम्या वेळात मी आईचे स्वयंपाकाचे व्हिडिओ काढून टाकायचे. प्रत्येकाच्या शेवटी आई कॅमेऱ्याकडे बघून तेच म्हणायची. उपाशी जाऊं नको बाळ.

ते पुण्यात कुणीतरी पाहिलं. तिथली एक कंपनी मोबाईलवरचे खेळ बनवायची. राजे, राक्षस, जादूची तलवार, असला मायावी मामला. खेळातल्या गुहेतल्या लोकांसाठी त्यांना एक प्राचीन भाषा हवी होती. क्षितिजसरांचा फोन आला. गोड बोलले. म्हणाले, घरी बोलता तसंच बोला, काहीही बोला.

मी आईला म्हटलं, कागद नीट वाचून घेऊ. ती माझ्यावरच उखडली. "आपल्या देशचीं माणसं तीं. मराठी बोलतात. त्यांस काय विचारायाचं? अस्कं सांग त्यांस!" अस्कं म्हणजे सगळं.

हा आमच्याच लोकांचा वेडेपणा. महाराष्ट्र कधी पाहिला नाही, पण तिकडून कुणी आलं की माहेरचं माणूस आल्यासारखं करायचं. मराठी बोलतो म्हणजे आपलाच. त्यांना आमची बोली ऐकून हसू येतं हेही आम्हाला प्रेमच वाटायचं. कागद न वाचताच आम्ही दोघींनी सही केली. आई त्या गाद्यांच्या खोलीत बसून बोलत राहिली. अंगाई म्हणाली. माझ्या बापावर ओरडायची तसं ओरडून दाखवलं. दृष्ट काढताना काय पुटपुटते ते सांगितलं. प्रत्येक वेळी माइकला विचारायची, जेवलास काय? सगळं दिलं. हातचं काही राखलं नाही.

खेळ चालला. मग बंगळुरूच्या एका कंपनीनं त्याचा पुढचा भाग बनवायचे हक्क घेतले आणि दोघांची जुंपली. बंगळुरूवाले म्हणाले, गुहेतली भाषा हक्कांत आलीच. पुणेवाले म्हणाले, ती आमच्या लेखकांची स्वतंत्र निर्मिती आहे, तिचा परवाना वेगळा घ्या. प्रकरण कोर्टात गेलं. आणि म्हणून क्षितिजसर कुंभकोणमला आले होते. आम्हाला भेटायला नव्हे. सही घ्यायला.

वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. या वेळी मी वाचला. ही भाषा कंपनीच्या लेखकांनी कल्पनेतून रचली. कंपनीच्या खेळाबाहेर ती कोणी बोलत नाही. आम्ही मायलेकींनी दिलेले शब्द केवळ वाचून दाखवले.

मी विचारलं, "मग आम्ही घरी काय बोलतो?"

"घरी काय हवं ते बोला हो," क्षितिजसर म्हणाले. "कोण ऐकायला येतंय? आणि खरं सांगू का, ती काही मराठी नाही. जुनाट काहीतरी आहे. म्हणून तर भुतांना शोभली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुत्सितपणाही नव्हता. आज पाऊस नाही म्हणावं, तसं सहज म्हणाले. आणि पेन माझ्यापुढे न धरता आईपुढे धरलं. म्हातारी सही करील, मग मुलगी करील, असा हिशेब असावा.

आईनं पेन घेतलं. तिला वाटलं, पाहुणे एवढे लांबून आलेत. तिचा हात कागदाकडे गेला. मी पेन तिच्या हातातून काढून घेतलं. टेबलावर ठेवलं. डबाही उचलला.

म्हटलं, "नाही. सही नाही. तिनं नाही, मीही नाही."

"विचार करा," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला यातून काही मिळणार नाही."

त्या खरं बोलल्या. काही मिळालं नाही.

दोन-चार दिवसांत बंगळुरूवाल्यांचा माणूस फोनवर आला. तमिळ बोलत होता, अक्का अक्का करत. भाषा तुमचीच आहे अक्का, असं कोर्टात सांगा, आणि मग ती कायमची आमच्या नावावर करून द्या. मी फोन ठेवला. चोर तो चोर, वर शिरजोर, आणि हा दुसरा तर साळसूद. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणे. आमचं तर घरच धुऊन नेलं.

गाद्यांच्या खोलीतलं काम गेलं. पुण्याची कंपनी त्या खोलीच्या मालकाला नेहमीचं काम देत होती, त्याला माझ्यासाठी ते घालवायचं नव्हतं. त्याची बाजू मला कळते. म्हणून राग कमी होत नाही. मग आईचे व्हिडिओ गायब झाले. सूचना आली की या ध्वनीचे हक्क दुसऱ्या कोणाकडे आहेत. माझ्या आईनं आमच्या चुलीसमोर बसून म्हटलेलं वाक्य, आणि हक्क दुसऱ्याकडे! मी तक्रार केली. यंत्रानं उत्तर दिलं. पुन्हा केली. पुन्हा यंत्रानंच दिलं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. आई बदलली ते सोसत नाही. लॉजवरून परत आलो त्या दिवशी तिनं डबा मोरीत रिकामा केला आणि म्हणाली, "पोदुम्." तमिळमध्ये. पुरे. तेव्हापासून ती घरातही तमिळच बोलते. पान वाढते आणि तमिळमध्ये जेव म्हणते. मी आमच्या बोलीत बोलते, ती तमिळमध्ये उत्तर देते. एकदा मी हट्टच धरला. म्हटलं, आई, एकदा तरी म्हण. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ताट उचलून आत गेली. तोंड उघडलं की तिला ती हडळ आठवते. भाऊ चेन्नईत, त्याच्या पोरांना आमचा शब्दही येत नाही. या घरात बोलणाऱ्या आम्ही दोघीच उरलो होतो. आता मी एकटी.

तेव्हा मी उंबरा मोडला. आता रस्त्यावर बोलते. भाजीवाल्यासमोर आईला आमच्या बोलीत हाक मारते. लोक वळून बघतात. आई पदर तोंडावर घेते, पुढे निघून जाते. बघू देत.

कोर्टाकडून साक्षीचं बोलावणं आलंय. जिंकणार दोघांपैकी एक कंपनी. आम्ही नाही. आईचा आवाज कुणाच्या तरी तिजोरीत जाणार, ती हडळ रोज कापली जाणार. हे मला ठाऊक आहे, कुणी समजूत घालायला येऊ नका.

पण मी जाणार आहे. तिथे तमिळ बोलणार नाही. इंग्रजी नाही. ही पुण्याची मराठीही नाही. माझं नाव, बापाचं नाव, त्या खोलीत काय झालं ते सगळं आईच्या बोलीत सांगणार. कोर्टाला कळलं नाही तर ही भाषा आम्ही बनवली असं जे म्हणतात त्यांनी उठावं आणि अर्थ सांगावा.